काळ्या मातीचा रस्ता आणि हवेवर उभी गाडी

रिसोड, मालेगाव, मेहकर या पट्ट्यात जुनी महागडी गाडी घेण्याचा विचार आता पूर्वीइतका दुर्मीळ राहिलेला नाही. त्यामागे ठोस कारणे आहेत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. तिकडच्या चांगल्या अवस्थेतल्या मोठ्या डिझेल गाड्या तेव्हापासून ना-हरकत दाखला घेऊन इतर राज्यांत उतरू लागल्या. दुसरे कारण जवळचे आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच सौद्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या. त्या पिढीच्या गाड्या आज पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत आणि नव्या मध्यम गाडीच्या किमतीत, कधी त्याहूनही कमी पैशांत मिळू शकतात. सोयाबीन आणि हळदीचे पैसे हातात आलेल्या माणसाला हा सौदा मोहात पाडतो. मग एक प्रश्न हमखास येतो: एअर सस्पेन्शन टिकते का?

या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही, कारण प्रश्नच अपुरा आहे. लोखंडी स्प्रिंग तुटते तेव्हा आवाज करून तुटते. हवेची स्प्रिंग तशी जात नाही. ती आधी बारीक गळू लागते, महिनोन्महिने गळत राहते, आणि त्या गळतीची भरपाई करता करता दुसराच, जास्त महागडा भाग जळून जातो. म्हणून या यंत्रणेचा भरवसा मोजायचा असेल तर गळती सुरू झाल्यापासून ती मालकाच्या लक्षात येऊन दुरुस्त होईपर्यंत किती काळ गेला, हे पाहावे लागते. जुनी गाडी घेणाऱ्याने खरे तर आधीच्या मालकाचा हा काळ तपासायचा असतो. पुढचे सगळे विवेचन याच एका मुद्द्याभोवती आहे.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलतो आहोत

आपल्याकडे स्टेशन वॅगन फारशी रुजली नाही. टाटा इस्टेट १९९२ मध्ये आली, मारुतीची बलेनो अल्टुरा १९९९ च्या सुमारास, टाटाची इंडिगो मरिना २००४ मध्ये. या सगळ्या पोलादी स्प्रिंगवरच्या. हवेवरची स्टेशन वॅगन भारतात अधिकृतपणे आली ती बऱ्याच उशिरा. व्होल्व्होची व्ही ९० क्रॉस कंट्री २०१७ मध्ये आली, तिच्या मागच्या चाकांना हवेच्या स्प्रिंग होत्या. मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन २०१८ मध्ये आली, तिच्या चारही चाकांना. संख्या थोडी आहे. पण ऑडी क्यू ७, मर्सिडीजची जीएल, व्होल्व्हो एक्ससी ९०, लँड रोव्हर डिस्कव्हरी यांसारख्या मोठ्या गाड्यांच्या अनेक आवृत्त्यांत हीच यंत्रणा असते. म्हणून स्टेशन वॅगनसाठी मांडलेले तर्क त्यांनाही लागू पडतात.

भरवशाच्या दृष्टीने गाड्यांचे दोन गट करावेत. पहिल्या गटात हवा फक्त मागच्या दोन चाकांना असते आणि पुढे पोलादी स्प्रिंग असते. मर्सिडीजच्या आणि बीएमडब्ल्यूच्या जुन्या युरोपीय स्टेशन वॅगन बहुतेक अशाच होत्या. यात हवेचा फुगा आणि शॉकअप बहुधा वेगवेगळे असतात, त्यामुळे फुगा एकटा बदलता येतो. दुसऱ्या गटात चारही चाके हवेवर असतात, पुढे तर फुगा आणि शॉकअप एकाच नळकांड्यात, म्हणजे स्ट्रटमध्ये, बसवलेले असतात. ई-क्लासच्या त्या पिढीत पुढच्या स्ट्रटमध्ये हवेचे दोन आणि मागच्यात तीन कप्पे आहेत. गाडी कडक किंवा मऊ करायची तेव्हा वॉल्व्ह हे कप्पे एकमेकांशी जोडतात किंवा तोडतात. चालवायला ही रचना अप्रतिम आहे. बिघडली की सगळा नग बदलावा लागतो.

हवा कशासाठी

स्टेशन वॅगनमध्येच हवा का घातली, हे एका साध्या हिशेबातून कळते. समजा मागच्या एका चाकावर गाडीचे ४०० किलो वजन आहे आणि पोलादी स्प्रिंग प्रत्येक ४ किलोला एक मिलिमीटर दबते. हिशेब सोपा राहावा म्हणून स्प्रिंग थेट चाकावर आहे असे धरू. आता मागे बियाण्याच्या ३० किलोच्या सहा बॅगा टाकल्या आणि मागच्या सीटवर दोन माणसे बसली. बॅगांचे १८० किलो जवळजवळ पूर्ण आणि माणसांच्या वजनातले सुमारे १०० किलो मागच्या चाकांवर येते. प्रत्येक चाकावर १४० किलो वाढले, म्हणजे गाडी मागून ३५ मिलिमीटर बसली. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांवर गेले, गतिरोधकावर पोट घासू लागले, आणि खड्ड्यात स्प्रिंगला दबायला उरलेली जागा तेवढीच कमी झाली. गाडीच्या झोक्याचा वेगही बदलला. रिकामी असताना सेकंदाला सुमारे १.५८ वेळा हलणारी गाडी आता १.३६ वेळा हलते, आणि पहिल्या वेगासाठी जुळवलेला शॉकअप दुसऱ्याला नीट आवरत नाही.

हवेच्या स्प्रिंगमध्ये उंची मोजणारा सेन्सर असतो. वजन वाढले की तो सांगतो, कॉम्प्रेसर किंवा साठ्याची टाकी हवा भरते, दाब वाढतो आणि गाडी जुन्या उंचीवर परत येते. फुग्याचे परिणामकारक क्षेत्रफळ ८० चौरस सेंटिमीटर धरले तर ४०० किलोला चौरस सेंटिमीटरमागे ५ किलो दाब लागतो, ५४० किलोला पावणेसात. दाब वाढला की स्प्रिंगचा कडकपणाही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून झोक्याचा वेग बदलत नाही. भरलेली गाडी रिकामीसारखीच चालते. पोलादी स्प्रिंगला हे साधत नाही, आणि म्हणून मागे ओझे वाहणाऱ्या गाडीत हवेचा आग्रह शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य आहे. तो निव्वळ दिखावा नव्हे.

इतिहासही हेच सांगतो, पण त्याची दुसरी बाजूही दाखवतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५३ मध्ये हवेच्या स्प्रिंगच्या लांब पल्ल्याच्या बस आणल्या आणि त्या टिकल्या. त्याच कंपनीने १९५७ मध्ये हीच कल्पना कॅडिलॅकच्या एल्डोरॅडो ब्रॉअम या गाडीत घातली, तेव्हा गळतीला कंटाळून अनेक मालकांनी नंतर पोलादी स्प्रिंग बसवून घेतल्या. कल्पना तीच, कंपनी तीच. बसमध्ये टिकली, कारमध्ये रखडली.

ट्रॅव्हल्सचे उदाहरण आणि त्याची मर्यादा

आपल्याकडेही नेमका हाच युक्तिवाद ऐकू येतो. ‘पुण्याच्या ट्रॅव्हल्स रोज रात्री बलूनवर धावतात, त्यांचे लाखो किलोमीटर होतात, मग कारला काय झाले?’ व्होल्व्होची बी ७ आर बस २००१ मध्ये भारतात आली आणि पूर्ण एअर सस्पेन्शन म्हणजे काय ते महाराष्ट्राला शिवनेरीतून कळले. आज लांब पल्ल्याच्या खासगी बसच्या मेकॅनिकला बलून बदलणे नवीन नाही. युक्तिवादात तथ्य आहे, पण तो दोन वेगळ्या यंत्रांना एक समजतो.

बसचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो. ब्रेकलाही तोच हवा देतो, म्हणून तो सतत चालण्यासाठीच घडवलेला असतो. बलून थोडा गळत असला तरी कॉम्प्रेसरच्या ताकदीपुढे ती गळती किरकोळ ठरते. उंची राखण्याचे काम एका दांडीवर चालणारा साधा यांत्रिक वॉल्व्ह करतो. हवा सुकवणारा डबा मोठा असतो आणि ठरावीक काळाने बदलला जातो. टाकीतले पाणी काढण्याची सवय चांगल्या चालकाला असते. शिवाय बस रोज कोणाच्या तरी नजरेखाली असते. एका बाजूला झुकली तर निघण्याआधीच ओरड होते.

कारमध्ये यातले जवळजवळ काहीच नाही. तिथे मुठीएवढ्या पिस्टनचा, बारा व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर असतो. त्याला तेलाचे वंगण नसते, पिस्टनची रिंग कोरडीच घासत चालते. तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला आहे. जास्त चालला तर तापतो आणि संगणक त्याला बंद करतो. म्हणून ट्रॅव्हल्सच्या बलूनचा अनुभव कारला लावायचा तर तो फक्त रबराबद्दल लावावा. कॉम्प्रेसर, वॉल्व्ह आणि सेन्सर यांच्याबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही.

बिघाडाची साखळी

आता मुख्य भाग. फुग्याचे रबर आतून धाग्यांच्या जाळीने मजबूत केलेले असते. गाडी वरखाली होताना ते खालच्या पिस्टनवर घडी घालत लोळते. लाखो वेळा तीच घडी उलगडते आणि मिटते. तिथेच उष्णतेने, ओझोनने आणि वयाने बारीक भेगा पडतात. त्या घडीत धूळ आणि चिखल अडकला तर प्रत्येक हालचालीला रबर कानशीने घासल्यासारखे झिजते. पहिली गळती इतकी सूक्ष्म असते की गाडी रात्रीतून बोटभर बसते आणि सकाळी सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात उठते. मालकाला ते सौजन्य वाटते, गाडी ‘उठून उभी राहते’ असे तो कौतुकाने सांगतो.

त्या अर्ध्या मिनिटात कॉम्प्रेसर मात्र जादा काम करत असतो. इथे सुकवणाऱ्या डब्याचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण साखळीतली ही कडी सहसा कोणी पाहत नाही. जुलैमध्ये २८ अंश तापमानात आणि ८५ टक्के आर्द्रतेत एक घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम वाफ असते. हवा पंधरापट दाबून पुन्हा त्याच तापमानाला आली की तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त वाफ पाणी होऊन बाहेर पडते. हे पाणी कॉम्प्रेसरजवळच्या डब्यातले शोषक मणी धरून ठेवतात. गाडी खाली घेतली जाते तेव्हा स्प्रिंगमधली कोरडी हवा याच मण्यांतून उलटी जाते, पाणी बाहेर घेऊन जाते आणि मणी पुन्हा कोरडे होतात. म्हणजे जेवढी हवा आत येते, जवळपास तेवढीच त्याच वाटेने बाहेर गेली पाहिजे. फुगा गळत असेल तर हवा आत येते डब्यातून आणि बाहेर जाते फुग्याच्या भेगेतून. मण्यांना सुकायची संधीच मिळत नाही. ते भिजतात, त्यांचा भुगा होतो, ओल आणि भुगा फुग्यांकडे हवा वाटणाऱ्या वॉल्व्ह ब्लॉकमध्ये जातो, तिथला वॉल्व्ह नीट बसेनासा होतो, आणि आता गळतीची दुसरी जागा तयार होते. कॉम्प्रेसर आणखी चालतो. त्याची रिंग झिजते, दाब कमी पडतो, म्हणून तो अजून जास्त वेळ चालतो. त्याला वीज देणाऱ्या रिलेचे संपर्क तापून चिकटले तर तो बंदच होत नाही आणि जळूनच थांबतो.

पहिल्या महिन्यात एका फुग्याचे काम होते. वर्षभराने ते फुगा, कॉम्प्रेसर, डबा, रिले आणि वॉल्व्ह ब्लॉक असे होऊन बसते. मोठ्या गाडीचा मूळ कंपनीचा पुढचा एक स्ट्रट लाखाच्या घरात जातो, हे लक्षात घेतले की या एका वर्षाची किंमत कळते. कॉम्प्रेसर बदलून फुगा तसाच ठेवणारी दुरुस्ती तर मी दुरुस्ती मानतच नाही. नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जाणार.

रिसोडचे हवामान, माती आणि अंतर

आपल्या भागातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता कडेला खचतो आणि मध्ये लांब लांब लाटा उठतात. गंमत अशी की या लाटांवर हवेची गाडी पोलादी गाडीपेक्षा नक्कीच चांगली चालते. तिचे शत्रू वेगळे आहेत: कडेवरून उतरताना उडणारी बारीक धूळ, पावसात शेताच्या वाटेने चाकाच्या कमानीत थापला जाणारा आणि नंतर दगडासारखा वाळणारा चिखल, आणि मे महिन्यातले चाळिशीपलीकडचे तापमान. फुग्याला धुळीपासून वाचवणारे आवरण फाटले असेल तर इथे त्याचे आयुष्य झपाट्याने घटते. अशा गाडीच्या चारही कमानी पावसाळ्यात आतून साध्या पाण्याने धुणे हा सर्वांत स्वस्त विमा आहे; मात्र जोराच्या पाण्याचा फवारा थेट घडीवर मारू नये.

उंदरांचाही हिशेब धरायला हवा. धान्याच्या गोदामाशेजारी गाडी उभी राहते, आणि हवेच्या नळ्या प्लॅस्टिकच्या असतात.

समृद्धी महामार्गाने नवी परिस्थिती निर्माण केली आहे. मेहकर किंवा मालेगावला चढले की कारला ताशी १२० पर्यंत परवानगी. हवेच्या बऱ्याच गाड्या वेग वाढला की स्वतःला थोडे खाली घेतात आणि वेग उतरला की वर येतात. सरळ काँक्रीटवर हा त्रास नाही, उलट आराम आहे. पण ज्या गाडीत गळती आहे ती महामार्ग सोडून रिसोडच्या रस्त्याला लागली की उठताना रेंगाळते, आणि खाली बसलेल्या अवस्थेतच पहिल्या खड्ड्यांवरून जाते. त्या क्षणी घडी पिस्टन आणि रबरी ठोकळ्यामध्ये चिमटली जाते.

आणि अंतर. अशा गाड्यांचे अधिकृत वर्कशॉप छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे सुमारे दोनशे किलोमीटरवर, नाहीतर नागपूरला, तीनशेच्या आसपास. सुरुवातीला मी जो ‘लक्षात येऊन दुरुस्त होईपर्यंतचा काळ’ म्हटला, तो इथे केवळ अंतरामुळे वाढतो. पुण्यातला मालक शनिवारी गाडी दाखवून येतो. रिसोडचा मालक ‘पुढच्या वेळी तिकडे जाऊ तेव्हा’ म्हणतो, पेरणी येते, मग काढणी येते. यंत्र तेच, कारखाना तोच. पण रिसोडमध्ये त्याचा भरवसा खरोखर कमी होतो. म्हणून परदेशातल्या किंवा मोठ्या शहरातल्या मालकांचे समाधान इथल्या निर्णयाला पुरेसा आधार देत नाही.

रात्रीची परीक्षा

गाडी तपासण्याची सर्वांत भरवशाची पद्धत फुकट आहे, आणि नेमकी तीच सहसा केली जात नाही. ट्रायल मारून एअर सस्पेन्शन कळत नाही. चालती गाडी आपली गळती लपवते. ती रात्रभर उभी ठेवावी लागते.

संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या काँक्रीटसारख्या सपाट जागेवर गाडी नेहमीच्या उंचीवर उभी करावी. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंत टेपने माप घेऊन लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजू नये, टायरच्या हवेचा फरक त्यात येतो. बारा तासांनी, कुलूप किंवा दार उघडण्याआधी, पुन्हा मोजावे. दार उघडताच अनेक गाड्यांचा संगणक जागा होऊन उंची सुधारू लागतो, आणि पुरावा नाहीसा होतो.

हे माप वाचताना तापमानाचा विचार करावा लागतो. हिवाळ्यात इथे दुपारी ३० अंश आणि पहाटे ११ अंश असू शकतात. बंद फुग्यावरचे वजन बदलत नाही, म्हणून दाबही बदलत नाही. आकुंचन पावते ते आकारमान, निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ६ टक्के. फुग्यातला हवेचा स्तंभ २०० मिलिमीटरचा धरला तर गाडी काहीही न गळता १२ मिलिमीटर बसते. अशी बैठक हवेवरच्या सर्व कोपऱ्यांत जवळपास सारखी असते. तेव्हा डिसेंबरात ही मापे १० ते १२ मिलिमीटरने उतरली तर घाबरू नये. एकच कोपरा इतरांपेक्षा बोटभर जास्त उतरला तर तिथला फुगा किंवा त्याचा जोड गळतो आहे. मागची दोन्ही चाके एकत्र त्याहून जास्त उतरली, किंवा आज एक आणि उद्या दुसरा कोपरा उतरला, तर संशय वॉल्व्ह ब्लॉकवर घ्यावा. एक अपवाद ध्यानात असू द्यावा: काही गाड्या उभ्या असताना मधूनच जाग्या होतात आणि सर्वांत खालच्या कोपऱ्याशी बाकीचे तीन जुळवून घेतात. अशा गाडीत सगळीकडची सारखी पण मोठी घट हीसुद्धा गळतीच असते.

दुसऱ्या रात्री हीच परीक्षा गाडी सर्वांत उंच अवस्थेत ठेवून करावी. भेग घडीत असेल तर कमी उंचीवर ती मिटलेली राहते आणि उंचीवर उघडते. विक्रेता दुसरी रात्र द्यायला कां-कू करेल. पहिली मात्र सोडू नये.

सकाळी गाडी सुरू करून कॉम्प्रेसरचा आवाज ऐकावा. थोडे चालून तो थांबला पाहिजे. चालत्या गाडीत, सरळ रस्त्यावर, वजन न बदलता तो दर काही मिनिटांनी सुरू होत असेल तर गळती आहेच. खालून वर यायला लागणारा वेळ घड्याळावर पाहावा आणि लगेच पुन्हा एकदा खालीवर करून पाहावा. दुसऱ्या वेळी फारच रेंगाळली तर टाकी भरत नाही किंवा कॉम्प्रेसर थकला आहे. फुगे, नळ्यांचे जोड आणि वॉल्व्ह ब्लॉक यांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. याला कंपनीचा माणूस लागत नाही, टायरचे पंक्चर काढणाराही हे उत्तम करतो. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा. गाडी बराच काळ खाली बसून चालली असेल तर चाके आत कलतात आणि टायर आतल्या बाजूने जास्त झिजलेले असतात. स्कॅनरने कॉम्प्रेसर तापल्याची किंवा दाब न आल्याची नोंद बघावी. नोंदी नुकत्याच पुसलेल्या दिसल्या तर त्याचे कारण विचारावे.

यातले काहीही करताना गाडीखाली जायचे असेल तर आधी जॅकसाठीची अवस्था निवडून संगणकाला उंची बदलण्यापासून थांबवावे आणि गाडी पक्क्या स्टँडवर घ्यावी. फक्त हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात-पाय घालू नये. वॉल्व्ह सुटला तर ती सेकंदांत खाली येते.

किनारपट्टीवरून आलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी. काही मॉडेलमध्ये कॉम्प्रेसर स्टेपनीच्या खळग्यात असतो, आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून आतल्या जिल्ह्यांत विकली जाऊ शकते. स्टेपनीखाली गाळाची रेघ, सीटच्या पट्ट्यांच्या बोल्टवर गंज दिसला की पुढचे बोलणेच थांबवावे.

आकडे काय सांगतात

समजा एका मध्यमवयीन फुग्याची वर्षभरात गळण्याची शक्यता पाच टक्के आहे. हा आकडा मोजलेला नाही, फक्त हिशेबासाठी धरला आहे. फुगे दोन असतील तर तीन वर्षांत निदान एक तरी गळण्याची शक्यता सुमारे २६ टक्के येते. चार असतील तर ४६ टक्के. पाचाऐवजी दुसरा कोणताही आकडा धरला तरी निष्कर्षाची दिशा बदलत नाही: भागांची संख्या दुप्पट झाली की निवांत वर्षे झपाट्याने घटतात. मागच्याच चाकांना हवा असलेली स्टेशन वॅगन ओझ्याचा जवळजवळ सगळा फायदा देते आणि जोखीम निम्मीच घेते. रिसोडसारख्या ठिकाणी मला हाच सौदा शहाणपणाचा वाटतो.

वयही धरावे. किलोमीटर कमी म्हणून खूश होण्यात अर्थ नाही. रबर उभ्या गाडीतही म्हातारे होते. दहा वर्षांच्या गाडीचे फुगे मूळचेच असतील तर ते संपलेले समजून किंमत ठरवावी. म्हणजे चारही फुगे किंवा स्ट्रट, कॉम्प्रेसर आणि मजुरी यांचा अंदाज नागपूर किंवा संभाजीनगरहून आधी मागवावा आणि तो मागितलेल्या किमतीतून वजा करून बोलणी सुरू करावी. फुगे बदललेले असतील तर बिल मागावे. एका बाजूचा एकच बदललेला असेल तर दुसरा लवकरच मागोमाग येईल असे धरावे. सुटे भाग बनवणाऱ्या कॉन्टिनेंटल, बिल्स्टाइन, अरनॉट यांसारख्या कंपन्यांचे पर्याय मूळ भागापेक्षा स्वस्त पडतात आणि ते घ्यायला हरकत नाही. नाव नसलेला, उत्पादनाचे वर्ष न छापलेला फुगा मात्र घेऊ नये. गोदामात पाच वर्षे पडलेले रबर नवीन नसते.

पोलादी स्प्रिंग बसवून घेण्याचा मार्गही आहे. तो कमीपणाचा नाही. पण मग संगणकाला नवी अवस्था नीट शिकवावी लागते, नुसता इशाऱ्याचा दिवा झाकून चालत नाही. सहा बॅगा टाकल्या की ती गाडी तेच ३५ मिलिमीटर बसणार. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या बदलांवर निर्बंध आहेत, म्हणून आरटीओत विचारून आणि विमा कंपनीला लेखी कळवूनच हे काम करावे. विकत घेतानाच असा बदल झालेला असेल आणि विक्रेत्याने तो सांगितला नसेल, तर त्याने आणखी काय सांगितले नाही याचा शोध घ्यावा.

माझे मत असे आहे. चारही चाके हवेवर, वय दहाच्या पुढे, फुगे मूळचे आणि कागद नाहीत, अशी गाडी रिसोडमध्ये राहणाऱ्याने कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मागची दोनच चाके हवेवर, फुगे चार-पाच वर्षांच्या आत बदललेले, बिल हातात आणि रात्रीच्या परीक्षेत मागची दोन्ही मापे सारखी, अशी गाडी निर्धास्त घ्यावी आणि घेतल्यावर दर दोन महिन्यांनी तीच टेप पुन्हा लावावी. मधल्या सगळ्या गाड्यांसाठी संपूर्ण दुरुस्तीची किंमत वजा करून उरलेला आकडा परवडतो का, एवढेच पाहावे. आणि जो विक्रेता गाडी एक रात्र उभी ठेवून मोजू देत नाही, त्याला बयाणा देऊ नये.